घरचा शब्द

१

जूचंद्रच्या बळीराम भोईरांच्या खात्यात सोमवारी साडेअकरा लाख रुपये होते आणि मंगळवारी दुपारी एकशे बारा. घरात ही गोष्ट कळली बुधवारी संध्याकाळी. हॉस्पिटलात आगाऊ रक्कम भरायची म्हणून सुनेनं पासबुक मागितलं, तेव्हा शकूबाईंनी ते पुढे केलं आणि म्हणाल्या, "त्यान काय नाय आता."

पैसे बळीरामांच्या बायपासचे होते. खाडीच्या बांधाला लागून असलेलं शेवटचं शेत विकून आलेले. ऑपरेशन येत्या सोमवारी ठरलं होतं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की याच्यापुढे तारीख ढकलण्यात अर्थ नाही.

लिडिया तुस्कानोला हे सगळं गुरुवारी सकाळी समजलं. उमेळ्याच्या आपल्या ओट्यावर ती भाजी निवडत बसली होती. शकूबाईंचा पुतण्या हितेश स्कूटर बाहेर टाकून तरातरा आत आला. नायगाव स्टेशनाजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि एरवी त्याचं तोंड बंद म्हणून नसे. आज त्यानं आधी पाणी मागितलं.

"काकूला फोन आला होता, मॅडम. तिच्या पोराच्या, सुरजच्या आवाजात. सुरजला सुरतला पोलिसांनी पकडलंय, पैसे भरा. सुरज तर इथंच होता, वालीवला, कामावर. ए.आय. वापरून आवाज काढला, असं सायबरचे साहेब म्हणतात. पैसे तासाभरात वीस खात्यांत गेले. परराज्यातली खाती."

वसईच्या टेलिफोन एक्स्चेंजात एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेली बाई लिडिया. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून दर मंगळवारी जूचंद्रच्या देवळाच्या सभागृहात बायकांना शिकवू लागली: फोनवरून कसं लुटतात आणि आपण कसं वाचायचं. ओटीपी द्यायचा नाही. पोलीस फोनवर अटक करत नाहीत. आणि प्रत्येक घरानं एक गुप्त शब्द ठरवायचा, सणाला तो बदलायचा. पैशासाठी घरच्या माणसाचा फोन आला की तो विचारायचा. शब्द चुकला तर फोन ठेवायचा. शकूबाई तिची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, कायम पहिल्या रांगेत.

"शब्द विचारला नाही का त्यांनी?" तिनं विचारलं.

"विचारला ना! रेकॉर्डिंग आहे. समोरच्यानं बरोब्बर सांगितला." हितेशनं मान खाली घातली. "गावात आता एकच चर्चा आहे, मॅडम. काकूला लिहिता येत नाही. तिचा शब्द चिठ्ठीवर तुम्ही लिहून दिला होता."

२

हितेशच्या स्कूटरवरून लिडिया भोईरांच्या घरी पोचली तेव्हा ओटीवर बळीराम खुर्चीत उशांना टेकून बसले होते. चार शब्द बोलले की दम लागत होता. तरी चेहरा मात्र पडलेला नव्हता, आणि हे तिला जरा विचित्र वाटलं.

"चोरानं गाठला त कोनाला, माझे पोराचा गला!" ते म्हणाले. "सुरज आलाय घरी. कालच बोलावला. आत हाय."

"इथं राहत नव्हता का?"

"विरारला खोली घेतली व्हती. कामासाठी." आणि ते दुसरीकडे बघू लागले. जवळच्याच वालीवच्या कामासाठी जूचंद्र सोडून विरारला कोण राहायला जातं, हे लिडियाला कळेना.

स्वयंपाकघरात शकूबाई निवटे साफ करत होत्या. खाडीतले ते बोटभर मासे टोपलीत अजून वळवळत होते. बळीरामांना आळणी जेवणाशिवाय काही चालत नव्हतं. सून निधी नाशिककडची, तिला त्या माशांकडे बघवतही नसे. घरावर एवढा घाला पडलेला आणि ही बाई निवट्यांचं कालवण करत होती.

निधीनं फोन आणून दिला. हितेशनंच तो असा लावून ठेवला होता की प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होई. लिडियानं पिशवीतून आपला हेडफोन काढला आणि डोळे मिटले.

सोमवार, पाच बेचाळीस. अनोळखी नंबर.

"आये... मी सुरज बोलतंय."

"कोन?"

"सुरज. आये, मना पोलिसांनी पकरलाय. सुरतला. माझे नावावर कोनी घोटाला केलाय. साडेअकरा लाख भरले त सोरतील. नायतर मी... आये, नायतर माझा काय खरा नाय." पुढे नुसतं रडणं.

"सबूद सांग."

"काय?"

"आपला सबूद."

"वेनी."

त्यानंतर शांतता. बाहेर पाववाल्याचा भोंगा वाजला, लगेच पुन्हा वाजला. मग शकूबाईंचा आवाज, अगदी हळू.

"जेवलास का रं?"

"नाय, आये. सकालपासना काय नाय."

"बरा. खात्याचा नंबर सांग, निधीला सांगू नको. उद्या सकाली पाठवतंय."

लिडियानं ती शांतता घड्याळावर मोजली. नऊ सेकंद. खरा शब्द ऐकल्यावर आई "हां बाबा, बोल" असं म्हणून मोकळी होते. ही नऊ सेकंद काय करत होती?

तिनं मान वर केली. निधी दारात उभी राहून ऐकत होती. "वेनी" हा शब्द आला तेव्हा ती वळली आणि कुणीही मागितलेला नसताना चहा टाकायला गेली.

३

वेणी हे त्या विकलेल्या शेताचं नाव. दोन बांधांमध्ये निमुळतं होत गेलेलं, म्हणून बळीरामांच्या आजोबांनी ठेवलेलं. लिडियानं चिठ्ठीवर शुद्ध "वेणी" लिहिलं होतं आणि शकूबाईंना बजावलं होतं, "ही जपून ठेवा." आता ती चिठ्ठी कुठाय म्हणून विचारलं, तर हितेशनं फोनचं पारदर्शक कव्हर उलटं करून दाखवलं. चिठ्ठी आत, अक्षरं बाहेर, साऱ्या जगाला वाचता येतील अशी.

"कपाळ माझं!" लिडिया म्हणाली. "अहो, तुम्हाला वाचता येत नाही, मग ही कुणासाठी लावलीत?"

"तूच बोललीस ना, जपून ठेव," शकूबाई म्हणाल्या. "फोनपेक्षा जपून मी काय ठेवतंय?"

बाईचं म्हणणं खरं होतं. लिडियाला हसू आलं आणि रडूही आलं.

म्हणजे तो फोन ज्याच्या हातात गेला त्याला शब्द माहीत. सगळ्यात जास्त वेळा गेला तो हितेशच्या. मंगळवारी शकूबाईंना स्कूटरवरून बँकेत नेलं तेही त्यानंच, फॉर्म भरला त्यानंच. लिडियानं त्याला अंगणात गाठलं.

"भलत्याच माणसाचं नाव होतं फॉर्मवर. विचारलं नाहीस?"

"काकू बोलली हॉस्पिटलचे पैसे हायत. बँकेतल्या बाईनं पण विचारलं, तिला पण तेच सांगितलं. शांतपणे. मी का संशय घेऊ?" त्याचा आवाज चढला. "माझ्यावर येणार ना हे? दुकान तोट्यात आहे, हे गावाला माहीत आहे. पण सोमवारी सहापर्यंत मी दुकानातून हललो नाही. सहा गिऱ्हाईकं सांगतील."

सांगितलंही त्यांनी. लिडियानं दुपारी जाऊन तिघांना विचारलं. पण आवाजाची नक्कल मशीनच करणार असेल, तर मशीन लावणारा दुकानात बसूनही ते करू शकतो. मग गिऱ्हाईकांच्या साक्षीला किंमत शून्य.

एक गोष्ट मात्र तिला सारखी टोचत होती. मंगळवारी सकाळी शकूबाईंनी पैसे पाठवले आणि मंगळवारी दुपारी त्या वर्गाला आल्या होत्या. पहिल्या रांगेत. त्या दिवशी लिडियानं शिकवलं होतं की फसलात तर लाजू नका, लगेच सायबर हेल्पलाइनला, एकोणीसशे तीसला फोन करा, पहिले काही तास सोन्याचे. शकूबाई मान हलवत होत्या. आणि त्या सोन्याच्या तासांत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

४

सुरज पस्तिशीचा, बारीक, डोळ्यांखाली काळं. आईशी घरच्या बोलीत बोले, लिडियाशी मुंबईच्या मराठीत.

"तीन सेकंदांचा आवाज पुरतो, मॅडम. कुठल्या तरी व्हिडिओतून उचलला असेल. मग सॉफ्टवेअर काहीपण बोलून दाखवतं. रडून पण दाखवतं."

"तुमची बोलीसुद्धा? 'पकरलाय', 'सोरतील'?"

"आता सगळं येतं त्याला."

"सोमवारी संध्याकाळी तुमचा फोन बंद होता."

"बॅटरी गेली. वालीवला गाळ्यात ओव्हरटाइम होता."

"कोणी बघितलं?"

तो एकदम उसळला. "आवाज माझा चोरला, पैसे माझ्या बापाचे गेले, आणि चौकशी माझीच? मी सोडणार नाही त्यांना. वरपर्यंत जाणार!"

ओटीवरून बळीरामांची धाप ऐकू आली. "बाय, त्याला नका बोलू. पोर आधीच खचलाय."

लिडियानं हेडफोन पिशवीत टाकला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशाच असतात, हे तिला ठाऊक होतं. पण खरोखर नाडलेला माणूसही असाच ओरडतो. तिनं रेकॉर्डिंग स्वतःच्या फोनवर घेतलं आणि घरी आली. पुराव्याशिवाय कुणाच्या लेकराला चोर म्हणायला तिची जीभ रेटेना.

एक्स्चेंजात असताना तिची एक सवय होती. बोलणाऱ्याला विसरायचं आणि त्याच्यामागचं ऐकायचं. पंख्याचा आवाज, भांडी, रस्ता. शुक्रवारी सकाळी तिनं तेच केलं. "वेनी" नंतरचे नऊ सेकंद तिनं वीसदा ऐकले.

एकविसाव्या वेळी तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. भोंगा दोनदा वाजला नव्हता.

५

स्टॅनी पाववाला तिला जूचंद्रच्या तळ्यापाशी सापडला. सायकलच्या मागे पावांची पेटी, हँडलला रबरी भोंगा. लिडियानं त्याला रेकॉर्डिंग ऐकवलं. पों आणि शेवटी एक चिरका पिक्. त्याच्या मागोमाग, बारीक आवाजात, तेच: पों, पिक्.

"माझाच आहे हा!" स्टॅनी खूश झाला. "रबर फाटलं होतं ना, म्हणून चिरकत होता. मंगळवारी नवीन बसवलं."

"असा दोनदा लागोपाठ वाजवायचास?"

"कसा वाजणार, आंटी? फाटक्या रबरात हवा भरायलाच वेळ. एकदा दाबला की पुढच्या गल्लीपर्यंत गप्प."

"सोमवारी पावणेसहाला कुठं होतास?"

"भोईरांच्या मागच्या गल्लीत. पिंपळापाशी. तिथंच वाजवतो रोज."

लिडिया तिथंच कट्ट्यावर टेकली. पहिला भोंगा शकूबाईंच्या फोननं थेट घरातून टिपला होता. दुसरा म्हणजे तोच भोंगा, पण समोरच्या फोनमध्ये शिरून, तारांमधून फिरून, अर्धा सेकंद उशिरा आलेला. घरातला आवाज समोर जाऊन परत आला म्हणावं, तर शकूबाईंचं बोलणंही तसंच दुमदुमायला हवं होतं. ते कुठंच दुमदुमत नव्हतं. फक्त भोंगा.

म्हणजे फोन करणारा सुरतला नव्हता, परराज्यात नव्हता, नायगावच्या दुकानातही नव्हता. तो त्याच भोंग्याच्या टप्प्यात उभा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सायबरचे साहेब परराज्यात शोधत होते, आणि माणूस घरामागच्या पिंपळाखाली होता.

हितेश सुटला. आणि मशीनही सुटलं, कारण घराच्या इतक्या जवळ येऊन कोण मशीन लावतो? शिवाय "जेवलास का" हा प्रश्न कुठल्या चोरानं आधी गृहीत धरलेला असणार? त्याला मिळालेलं उत्तर एका क्षणात आलं होतं, आवंढा गिळून. तो आवंढा लिडियानं पुन्हा पुन्हा ऐकला होता.

आता एकच माणूस उरत होता. पण तिला पक्कं करून घ्यायचं होतं, आणि ते 'वेनी' ऐकून वळलेली निधीच सांगू शकत होती.

६

निधी एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेण्याचं काम करायची. लिडियानं तिला दुपारच्या सुटीत बाहेर बोलावलं.

"तुमच्या घरी शब्द बदलला होता ना? मी सांगते तसा, सणाला?"

निधीनं उघडलेला डबा परत बंद केला.

"शिमग्याला," ती म्हणाली. "आईंनी मला आणि पप्पांना जवळ बोलावून सांगितला. 'निवटी'. मला हसूच आलं होतं. मी म्हटलं, आई, हा काय शब्द? तर म्हणाल्या, त्याला आवडतात. तो आला का त्याला पन सांगेन."

"आणि सुरज गेला कधी?"

"शिमग्याच्या आठ दिवस आधी. गेला नाही, पप्पांनी हाकलला." आता तिचं बोलणं थांबेना. "शेअरचं कुठलं तरी अ‍ॅप होतं, मॅडम. रोज फोनवर नफा दिसायचा. माझे दागिने गेले, कर्ज काढलं, मग वेणीचे पैसे मागायला लागला. पप्पा म्हणाले, माझे मयताला पन येव नको. मी इथंच राहिले, पप्पांची औषधं कोण बघणार? रेकॉर्डिंगमध्ये 'वेनी' ऐकलं आणि मला कळलं. जुना शब्द माहीत असलेला आणि नवा माहीत नसलेला घरचा माणूस एकच आहे. पप्पांना आम्ही ते ऐकवलंच नाही."

"पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? माझ्या मुलीचा बाप आहे तो."

रिक्षात बसल्यावर लिडियाच्या डोक्यात दुसराच प्रश्न उभा राहिला. निधीला कळलं की शब्द चुकीचा आहे. मग शब्द ज्यांनी स्वतः बदलला होता, त्या शकूबाईंना ते फोनवरच कळलं नव्हतं?

७

सुरज तिला पिंपळाखालीच भेटला. पाठ घराकडे, फोन कानाला.

"सर, टॅक्स भरला ना मी... हो सर, पण तुम्ही म्हणालात चोवीस तासांत निघतील... अजून दोन लाख? सर, माझ्या वडिलांचं सोमवारी ऑपरेशन आहे..."

त्यानं वळून बघितलं आणि फोन खाली घेतला. लिडियानं त्याला भोंगा ऐकवला. एकदा. मग दुसरा, बारीक. तो पिंपळाच्या पाराला धरून खाली बसला.

"घरात येऊन मागणार होतो, मॅडम. अर्धा तास इथं उभा होतो. पुढे ओटीवर पप्पा असणार. पाय उचलेना. म्हणून मित्राच्या सिमवरून फोन केला. पोलिसांचं खोटं बोललो, कारण शेअरसाठी म्हटलं असतं तर आई देणारच नाही." मग घाईघाईनं म्हणाला, "पण ते पैसे बुडलेले नाहीत. अ‍ॅपमध्ये माझे चौतीस लाख दिसतात. टॅक्स भरला की सुटतात, म्हणून तर आईला त्यांच्याच खात्याचा नंबर दिला. सोमवारच्या आत आणून पप्पांच्या हातात ठेवणार होतो. ऑपरेशन पण, दागिने पण. ग्रुपमध्ये सव्वाशे लोक आहेत, सगळ्यांचे निघालेत!"

"ते सव्वाशे लोक त्यांचेच आहेत, बाबा," लिडिया म्हणाली. "तिथं फसणारा तू एकटाच आहेस. चौतीस लाख हा नुसता आकडा आहे, त्यांनी टाइप केलेला. पैसे सोडवायला आधी पैसे भरा म्हणणारा कुणीही पैसे सोडत नसतो."

तिला वाटलं तो भांडेल. तो भांडला नाही. त्याला हे आतून केव्हाचं माहीत असावं. तो नुसता फोनच्या काळ्या काचेकडे बघत राहिला.

त्याच्यासमोरच तिनं एकोणीसशे तीसला फोन लावला. समोरच्या मुलीनं सगळं लिहून घेतलं आणि सांगितलं की तक्रार आधीच नोंदवलेली आहे, रक्कम त्याच दिवशी निघून गेली आहे. आणखी काही कळलं तर कळवू.

८

शकूबाई मागच्या खोलीत होत्या. ताटात भात, वर निवट्यांचं कालवण. ताट सुरजसाठी होतं. लिडिया त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.

"शकूबाय, शब्द चुकला होता."

"हां."

"तुम्हाला कळलं होतं."

"मीच बदललेला, मना नाय कलनार?" शकूबाईंनी हात पुसले. "तू शिकवलास तसा मी फोन ठेवनार व्हती, बाय. देवाशपथ. बोट लावला व्हता. आन् भोंगा वाजला म्हनून बाहेर बघितला."

त्यांनी मागच्या खिडकीकडे बोट केलं. खिडकीत पिंपळ अख्खा दिसत होता.

"तथं उभा व्हता. पाठमोरा. कानाला फोन आन् खांदं हलत व्हतं. मना सांगतंय सुरतला हाय." त्यांचा आवाज अजूनही सरळ होता. "पोलिसांचा खोटा बोल्ला, त कललाच मना. पन रडत व्हता त खोटा नव्हता. त्या आवाजान मरन व्हता, बाय. पैशे नाय दिले असते त पोरानं रातचाच खाडीन उडी मारली असती."

लिडियाला त्या नऊ सेकंदांचा हिशेब लागला. नऊ सेकंद ही बाई खिडकीत उभी होती. एका बाजूला ओटीवर नवऱ्याची धाप, दुसऱ्या बाजूला पिंपळाखाली पोर. तेवढ्या वेळात तिनं ठरवलं होतं.

"आणि बळीरामदादा?"

शकूबाई पहिल्यांदा रडल्या. तोंडावर पदर दाबून, ओटीपर्यंत आवाज जाऊ नये म्हणून.

"त्यांना वाटतंय पोराचा आवाज चोरला. मयताला येव नको बोललेला बाप, आता पोराला पाठीवर हात फिरवून जवल बसवतंय. दोन म्हैन्यांनी दोघं एकत्र जेवले काल. डॉक्टर काय बोलतंय, मना ठाव हाय. जेवरे दिवस हायत तेवरे तरी..." त्यांनी लिडियाचा हात धरला. "नको सांगू, बाय. कोनाला नको सांगू."

"गाव म्हणतंय शब्द माझ्याकडून फुटला."

"मना ठाव हाय," शकूबाई म्हणाल्या. हात मात्र सोडला नाही.

बाहेर ओटीवर बळीराम कुणाला तरी कौतुकानं सांगत होते की आता मशीन माणसाचा आवाजसुद्धा काढतं, आणि अगदी माझ्या सुरजसारखा काढला. लिडियाच्या मनात आलं की पोलिसांना सांगावं. पण सांगून काय परत येणार होतं? पैसे नाही, सोमवार नाही. एक म्हातारा तेवढा दोन दिवस आधी मेला असता. ती उठली.

९

सोमवार गेला. खाट दुसऱ्या पेशंटला दिली असं हॉस्पिटलातून कळवण्यात आलं. बळीराम खुर्चीतून पलंगावर गेले. सुरज त्यांचे पाय दाबत बसलेला असे, आणि त्याचा फोन दिवसातून दहा वेळा वाजे. तो उचलायचा नाही, पण बंदही करायचा नाही.

मंगळवारी सभागृहात चाळीस जणींसाठी घातलेल्या सतरंज्यांवर सात बायका होत्या. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, तसंच वर्गाचंही असतं. लिडियानं खडू हातात घेतला.

मागून एकीनं विचारलंच. "बाय, तू लिवलेला सबूदच फुटला ना? मंग आमी कशाला ठेवायचा?"

पहिल्या रांगेत शकूबाई बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

एकतीस वर्षं लिडियानं इतरांची गुपितं कानात साठवली होती, त्यांत हे एक. शब्द फुटला नव्हता. शब्दानं आपलं काम चोख केलं होतं, चोर ओळखून दिला होता. हे या खोलीत दोघींनाच माहीत होतं आणि तसंच राहणार होतं. या सातांतल्याही पुढच्या मंगळवारी किती येतील, तिला माहीत नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "चिठ्ठी लिहिली, ती माझी चूक. तुम्ही लिहू नका. तोंडी ठेवा."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. लिडिया फळ्याकडे वळली. पुढचं वाक्य ती दर मंगळवारी एका दमात म्हणायची. आज खडू नुसताच हातात राहिला.

"सांगा," शेवटी ती म्हणाली. "शब्द चुकला तर काय करायचं?"

"फोन ठेवायचा," बायका म्हणाल्या.

सगळ्यांत मोठा आवाज शकूबाईंचा होता.